दाराची उंची

ह्यूअन नदीच्या या काठाला सफरचंदाची झाडं म्हातारी झाली
की तोडतात. लाकूड वर्षभर शेडमागे वाळत पडतं.
त्याचं करायचं काय, इथून सुरुवात झाली.
कॉरिन म्हणाला, पिझ्झाची भट्टी.

मग दोन महिने जेवणाच्या टेबलावर
आम्ही जेवण सोडून सगळं मांडलं.
त्याच्याकडे एक कॅटलॉग: स्टीलची, गुळगुळीत,
नव्वद किलो, वीस मिनिटांत तापणारी.
किंमत वाचून मी चष्मा पुसला
आणि पुन्हा वाचली. तीच होती.

माझ्याकडे एका पाडलेल्या धुराड्याच्या चारशे विटा,
ओढ्याकाठची चिकणमाती,
आणि माझे वडील.

वीबे, वय चौऱ्याऐंशी. अकराव्या वर्षी फ्रीजलंडहून बोटीने आलेले,
सेहेचाळीस वर्षं होबार्टमध्ये गवंडी.
आता त्यांना कप अर्धाच भरून द्यावा लागतो.

मी चित्र काढून घेऊन गेले.
घुमट बरा जमला होता.
त्यांचं बोट सरळ दारावर गेलं.
'हे किती?'
अंदाजाने काढलंय, म्हटलं.
'अंदाजाने नाही, फेमके. घुमट शंभर, तर दार त्रेसष्ट.
जास्त ठेवलंस तर उष्णता पळते.
कमी ठेवलंस तर आग गुदमरते.'
मग कागदाची चौघडी घालून
माझ्या हातात दिली.
'विकत घे.'

मला वाटलं, जन्मभर विटा रचून
वीट आला असेल.
मला वाटलं, पोरीला हे जमायचं नाही
असं म्हणतायत.
गाडीत बसले, इंजिन चालू केलं,
तेव्हा ते काठी टेकत खिडकीशी आले.
'तू बांधशील. मी खुर्चीत बसेन.
प्रत्येक वीट चुकेल आणि मी बोलेन.
तू उकलशील, पुन्हा लावशील.
मला माझा हात उचलता येणार नाही.
तो उन्हाळा मला नको.'

एप्रिलात भट्टी आली. ट्रकवाल्याने फाटकातच उतरवली,
आत आणणं त्याच्या कामात बसत नव्हतं.
शेजारचे दोघे, कॉरिन आणि मी,
ट्रॅक्टरची फळी, चार वेळा 'थांबा, थांबा'.
एवढं करून ठेवायची कशावर?
खाली ओटा लागणार. विटांचा.

वडील आले आणि गाडीतच बसून राहिले, काच खाली करून.
जुन्या मोज्यात गुंडाळलेली थापी
त्यांनी कॉरिनला दिली.
माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो.
त्याने चुना असा लावला
की जणू पावाला लोणी.
पहिला थर. गाडीतून आवाज नाही.
दुसरा. एक खोकला.
तिसऱ्याला दार उघडलं,
ते चालत आले, वाकले,
आणि कोपऱ्याची एक वीट अंगठ्याने ढकलली,
केसाएवढी.

पाणसळीतला बुडबुडा आधीही मधोमध होता,
नंतरही.
मी कॉरिनकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता.

पहिले पाच दिवस नुसती काटक्यांची आग,
रोज थोडी मोठी.
स्टीलला असलं काही लागत नाही, पुस्तिकेत लिहिलंय.
पुस्तिका लिहिणाऱ्याला काय कळतंय, वडील म्हणाले,
आणि रोज फोन करून विचारत राहिले: धूर कुठून येतोय?

रविवारी पिझ्झा केला. एक बाजू कोळसा,
दुसरी कच्ची, मधे तीन घास उत्तम.
वडिलांनी तेच तीन खाल्ले.
नंतर भट्टी निवू दिली.
सगळे आत गेल्यावर
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं,
खिशातून घडीची पट्टी काढून
ते आधी घुमट मोजतायत, मग दार.
पट्टी हातात थरथरते, म्हणून
कोपर ओट्यावर टेकलेलं, त्या तिसऱ्या थरावर.

आत येऊन बूट पुसले.
'साठ,' म्हणाले. जरा थांबून,
'चालेल.'

उरलेल्या विटा शेडमागे, ताडपत्रीखाली आहेत.
काल बघितलं तर
ताडपत्रीचं एक टोक नीट खोचलेलं होतं.
मी खोचलं नव्हतं. कॉरिन म्हणतो, त्यानेही नाही.